एसएसडी बायोसमध्ये भलत्याच नावाने दिसतेय, पतसंस्थेचे अहवाल आत अडकलेत, डेटा निघेल का?

कराडचा_डीटीपीवाला

नमस्कार मंडळी. कराडला छोटं डीटीपीचं दुकान आहे माझं, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, स्मरणिका, पावतीपुस्तकं असली कामं. परवा संध्याकाळी काम चालू असताना लाइट गेली, आली, परत गेली, युपीएसची बॅटरी उतरलेली त्यामुळे पीसी दोन्ही वेळा धाडकन बंद पडला. त्यानंतर विंडोज चालूच होईना. बायोसमध्ये (पीसी चालू होताना विंडोजच्या आधी येणारी सेटिंग) जाऊन बघितलं तर माझ्या ४८० जीबीच्या साटा एसएसडीचं नावच बदललंय, कंपनीचं नाव जाऊन तिथे 'साटाफर्म एस११' असं काहीतरी येतंय. दुसऱ्या पीसीला लावली तर विंडोज म्हणतं डिस्क इनिशियलाइज करा. मी कॅन्सल दाबून बाहेर आलो, अजून काही केलेलं नाही.

आत पेजमेकरच्या (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) फायली आहेत, सगळं श्रीलिपीच्या मराठी फॉन्टमध्ये. त्यातले दोन पतसंस्थांचे यंदाचे अहवाल महत्त्वाचे, कारण वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि त्याआधी सभासदांना अहवाल वाटायचा असतो. बाकीच्या कामांची कॉपी एक्स्टर्नल डिस्कवर आहे पण ती पाडव्याच्या आसपासची, हे अहवाल त्यात नाहीत. ताळेबंदाचे तक्ते परत टाइप करायचे म्हटलं तर पोटात गोळा येतो.

आमच्या गल्लीतला कॉम्प्युटरवाला म्हणतो की याचं सॉफ्टवेअर यूट्यूबवर मिळतं, फर्मवेअर, म्हणजे डिस्कच्या आतला प्रोग्राम, परत मारला की डिस्क पहिल्यासारखी चालू होते, पाचशे रुपयात करून देतो. करून घेऊ का? आणि पुण्यामुंबईच्या लॅबला दिली तर साधारण काय खर्च येतो, कोणी दिलीय का?

खटपट_राव

दादा टेन्शन नको, माझ्या भावाची हार्डडिस्क अशीच गेली होती, प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली आणि सकाळी लावली तर चालू, तेवढ्यात सगळं कॉपी करून घेतलं. ते जमलं नाही तर एखादं रिकव्हरी सॉफ्टवेअर टाका, डीप स्कॅन लावून झोपा, सकाळी सगळं निघालेलं असेल. पाचशे रुपये पण वाचतील.

चिपखोदक

राव, थांबा जरा. फ्रीजरचा किस्सा हार्डडिस्कचा आहे आणि तिथेही तो नशिबाचा खेळच होता. एसएसडीत फिरणारं काही नाही, आखडणारं काही नाही, थंड करून उलट बोर्डावर पाणी साचेल आणि आज जे शॉर्ट नाही ते उद्या होईल.

डीटीपीवाले, आधी मुद्द्याचं. तो पाचशे रुपयांचा फर्मवेअर अजिबात मारून घेऊ नका. तुमच्या कॉम्प्युटरवाल्याचं म्हणणं खोटं नाहीये, त्या सॉफ्टवेअरने डिस्क खरंच चालू होते. पण चालू होते म्हणजे कोरी होऊन चालू होते. यूट्यूबवरचे ते व्हिडिओ बघा, शेवटी सगळे आनंदाने दाखवतात की बघा ४८० जीबी दिसायला लागली, आणि खालच्या कमेंटमध्ये लोक रडत असतात की माझ्या फायली कुठायत. मी डेटा रिकव्हरीचंच काम करतो म्हणून सांगतो, या अवस्थेतल्या डिस्क माझ्याकडे येतात त्यातल्या ज्यांचं काहीच करता येत नाही त्या बहुतेक अशाच, आधी कोणीतरी 'रिपेअर' केलेल्या.

आता झालंय काय ते सांगतो, थोडं लांब होईल. 'साटाफर्म एस११' हे तुमच्या डिस्कचं नाव नाही, ते आतल्या कंट्रोलरचं, म्हणजे डिस्कचा कारभार बघणाऱ्या चिपचं, आणीबाणीतलं नाव आहे. डिस्कवर लेबल कुठल्याही कंपनीचं असो, तो कंट्रोलर असला की हेच नाव येतं. कंट्रोलरच्या पोटात अगदी छोटा कायमचा प्रोग्राम असतो, पण खरा फर्मवेअर आणि हिशोबाचे सगळे तक्ते मात्र फ्लॅश चिपवरच, तुमच्या फायलींच्या शेजारीच ठेवलेले असतात. कंट्रोलर चालू होतो, तो फर्मवेअर नाहीतर ते तक्ते वाचायला जातो, आणि ते वाचता आले नाहीत की हात वर करून एवढंच सांगतो की मी आहे, बाकी मला काही माहीत नाही. विंडोजला वाटतं नवीन डिस्क आली म्हणून ते इनिशियलाइज विचारतं. तुम्ही कॅन्सल केलंत ते उत्तम.

ते तक्ते एवढे महत्त्वाचे का, तर फ्लॅशवर एकदा लिहिलेल्या जागेवर परत लिहिता येत नाही. लिहायचं पानापानाने, पान म्हणजे साधारण १६ केबी, पण पुसायचं मात्र अख्खा ब्लॉक, तो काही एमबीचा. त्यामुळे तुम्ही पेजमेकरची फाइल सेव्ह केली की ती जुन्या जागी जात नाही, कुठल्यातरी रिकाम्या पानांवर जाते आणि जुनी पानं रद्द म्हणून नोंद होते, शिवाय सगळे ब्लॉक सारखेच झिजावेत म्हणून कंट्रोलर स्वतःहून डेटा इकडून तिकडे हलवत असतो. तर कुठलं सेक्टर आत्ता कुठल्या चिपच्या कुठल्या पानावर आहे याची नोंद फक्त त्या मॅपिंगच्या तक्त्यात. जमीन जागच्या जागी आहे पण अख्ख्या गावाचा सातबारा जळला आणि बांधही कोणी दिसेनासे केले, अशी ती अवस्था समजा. लाइट गेली तेव्हा तो तक्ता लिहिला जात असणार. सर्व्हरच्या महाग एसएसडीत यासाठी कपॅसिटरची रांग असते, लाइट गेली तरी हातातलं काम पुरं करण्यापुरती वीज त्यात साठलेली असते. दुकानात मिळणाऱ्या स्वस्त डिस्कमध्ये ते नसतं.

चांगली बातमी अशी की या कंट्रोलरला पीसी-३००० सारख्या डेटा रिकव्हरीच्या मशीनमध्ये चांगला सपोर्ट आहे. बोर्डावरचे दोन पॉइंट शॉर्ट करून कंट्रोलरला सेफ मोडमध्ये आणायचं, बाहेरून एक छोटा प्रोग्राम त्याच्या रॅममध्ये चढवायचा, मग फ्लॅशवर विखुरलेले तक्त्याचे तुकडे गोळा करून मॅपिंग कॉम्प्युटरच्या मेमरीत नव्याने बांधायचं आणि त्या आधाराने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढायची. डिस्कवर एक अक्षर लिहायचं नाही. फ्लॅश फार झिजलेली नसेल तर बरंच निघतं. खात्री कोणी देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

लिनक्सकाका

चिपखोदकांशी सहमत, तरी एक बिनखर्चाचा उपाय सांगून ठेवतो. डिस्कला फक्त पॉवरची वायर लावायची, डेटाची नाही, वीसतीस मिनिटं तशीच ठेवायची, मग अर्धा मिनिट काढायची, परत लावायची. अचानक लाइट गेल्यावर कंट्रोलरला आपला तक्ता सावरायला निवांत वेळ मिळतो. ही ऐकीव गोष्ट नाही, क्रुशिअलने स्वतःच्या सपोर्टमध्ये हा उपाय दिलेला होता. आमच्या ऑफिसात या उपायाने डिस्क परत आलेल्या आहेत.

आणि आली परत तर लगेच विंडोज चालू करून फायली ओढत बसू नका. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट करा, डिस्क माउंट न करता (म्हणजे तिच्यातल्या फायली न उघडता) डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने आधी अख्खी इमेज दुसऱ्या डिस्कवर घ्या, मॅप फाइल (कुठवर वाचून झालं त्याची नोंद) ठेवायला विसरू नका म्हणजे मध्ये अडकली तर तिथून पुढे चालू करता येतं. पहिल्या फेरीत जे सहज वाचता येतं ते सगळं, अवघड भाग नंतर. मग जी काही खटपट करायची ती त्या इमेजवर.

चिपखोदक

काका, तुमचा उपाय बरोबर आहे पण तो डिस्क अजिबात दिसत नसेल किंवा बायोस तिथे अडकून राहत असेल तेव्हाचा. इथे कंट्रोलरने आधीच हार मानलीय, भलतं नाव सांगतोय, म्हणजे सावरायचा प्रयत्न करून झालाय त्याचा. या अवस्थेत नुसती वीज देऊन ती परत आलेली मी पाहिलेली नाही. नुकसान फारसं नाही, पण फायदाही नाही.

एक मात्र सगळ्यांसाठीच. जी डिस्क अर्धवट चालते, मध्येच दिसते मध्येच गायब होते, मध्येच अडकते, ती उगाच चालू ठेवू नका. हार्डडिस्क नुसती चालू असली तर स्वतःहून तुमचा डेटा हलवत नाही. एसएसडी हलवते. तुम्ही काही न करता नुसती वीज दिलीत तरी आत तिचं रद्द पानं गोळा करणं, ब्लॉक पुसणं, कमजोर ब्लॉकमधला डेटा दुसरीकडे नेणं चालू असतं, आणि तक्ताच चुकीचा असेल तर चुकीच्या आधारावर चालू असतं. डीप स्कॅन लावून रात्रभर झोपा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. रिकव्हरी सॉफ्टवेअरला कंट्रोलर जे देईल तेच दिसतं, कंट्रोलरच बोलत नसेल तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर आत बघू शकत नाही.

शटरवाली_नाशिक

माझापण एक प्रश्न इथेच विचारते, वेगळा धागा काढत नाही. माझी डिस्क चांगली चालू आहे, लॅपटॉपमधली एनव्हीएमई प्रकारची एसएसडी. एका लग्नाचं फोल्डर शिफ्ट डिलीट झालं, विंडोज ११. रिकव्हरी सॉफ्टवेअर लावलं तर सगळ्या फोटोंची नावं दिसतात, साइजपण बरोबर दिसते, मी खूश होऊन पैसे भरून लायसन्स घेतलं आणि रिकव्हर केलं तर एकही फोटो उघडत नाही. कंपनीला मेल केला तर म्हणतात फाइल करप्ट आहे. असं कसं सगळ्याच करप्ट?

चिपखोदक

ताई, त्या करप्ट नाहीत, रिकाम्या आहेत. हेक्स एडिटरमध्ये उघडून बघा, पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्य दिसतील.

विंडोज ७ पासून ट्रिम नावाची कमांड आहे. हार्डडिस्कवर फाइल डिलीट केली की नुसती नोंद खोडली जायची, मजकूर तसाच पडून असायचा, रिकव्हरी सॉफ्टवेअरचा सगळा धंदा त्यावर उभा राहिला. एसएसडीवर डिलीट केलं की विंडोज लगेच डिस्कला कळवतं की ही ही सेक्टर आता नकोत. कंट्रोलर तक्त्यातली जोडणी तोडतो आणि त्यानंतर ती सेक्टर कोणी मागितली की शून्य काढून देतो, फ्लॅशवर खरं काय पडलंय ते बघतही नाही. नावं आणि साइज दिसतात कारण ती एनटीएफएसच्या (विंडोजची डिस्कवर फायली मांडायची पद्धत) मुख्य तक्त्यात वेगळी नोंदलेली असतात. तिथे सातआठशे बाइटच्या आतल्या चिमुकल्या फायली अख्ख्या मावतात, म्हणून कधीकधी एखादी नोटपॅडची फाइल परत येते आणि माणसाला उगाच आशा वाटते. सॉफ्टवेअरवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं, तरी प्रीव्ह्यू न दाखवता नुसती नावांची यादी दाखवून पैसे घेतात, याचा मला फार राग आहे.

फ्लॅशवर तो डेटा काही काळ खरंच शिल्लक असतो, ब्लॉक पुसला जाईपर्यंत. डिलीट झाल्याझाल्या लॅपटॉप बंद केला आणि कंट्रोलर सपोर्टेड असला तर लॅबमध्ये कधीतरी काही हाती लागतं. तुम्ही मात्र त्यानंतर सॉफ्टवेअर डाउनलोड केलं, इन्स्टॉल केलं, स्कॅन चालवलं, तोवर लॅपटॉप चालूच. मी असतो तर त्या डिस्कमागे लागलो नसतो.

त्याऐवजी कॅमेऱ्याची कार्डं काढा. ज्या कार्डांवर ते लग्न शूट झालं ती नंतर वापरलीत का? कॅमेऱ्यात नुसतं साधं फॉरमॅट केलं असेल आणि त्यावर नवीन शूट झालं नसेल तर फोटोरेक या सॉफ्टवेअरने बरेच फोटो निघतील, फुकट आहे ते. कार्डावर विंडोजसारखं लगेच ट्रिम सहसा होत नाही. लो लेव्हल फॉरमॅटचा पर्याय वापरला असेल तर मात्र अवघड.

शटरवाली_नाशिक

दोनपैकी एक कार्ड मांडवातच भरलं होतं आणि ते अजून तसंच बॅगेत आहे!! दुसऱ्यावर नंतर एक बारसं झालंय. लगेच बघते, थँक्यू.

लिनक्सकाका

पुस्ती जोडतो. लिनक्सवर बऱ्याच ठिकाणी ट्रिम लगेच होत नाही, आठवड्यातून एकदा टायमरने होतं, त्यामुळे डिलीट झाल्यावर लगेच लक्षात आलं तर वाचायला वाव असतो, पहिल्यांदा तो टायमर बंद करा नाहीतर सरळ मशीन बंद करा. आणि एसएसडी यूएसबी केसमध्ये असेल तर केसच्या चिपवर अवलंबून, बऱ्याच जुन्या केस ट्रिम पुढे पाठवतच नाहीत, तिथे जुन्या पद्धतीचं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालून जातं.

खटपट_राव

फ्रीजर मागे घेतला बरं का 😅 पण एक शंका. कंट्रोलर गेला तर गेला, फ्लॅशच्या चिपा तर शाबूत आहेत ना? त्या उचकटून दुसऱ्या तसल्याच बोर्डावर बसवायच्या नाहीतर थेट रीडरने वाचायच्या. मोबाइल रिपेअरवाले एवढ्या बारीक चिपा हॉट एअरने काढतात, मग इथे काय अडचण?

चिपखोदक

काढता येतात, वाचताही येतात. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डात हे काम आम्ही नेहमी करतो. एसएसडीत वाचून हाती येतं ते मात्र पीठ असतं, दाणे नसतात. एकतर डेटा चारआठ चिपांत वाटून लिहिलेला. त्यावर कंट्रोलरने तो मुद्दाम विस्कटलेला, कारण फ्लॅशला एकसारखे बिट सोसत नाहीत. शिवाय टीएलसी प्रकारच्या फ्लॅशच्या एका सेलमध्ये ८ पातळ्या आणि क्यूएलसी प्रकारात १६, त्यामुळे कच्च्या वाचनात चुका असणारच, त्या दुरुस्त करायचं गणित कंट्रोलरचं, आणि प्रत्येक कंट्रोलरचं वेगळं. एवढं सगळं उलगडलं तरी मॅपिंग लागतंच. जुन्या साध्या कंट्रोलरमध्ये हे कोणी कोणी करून दाखवलंय.

आता तर त्याच्याही पुढची गोष्ट. आजकालचे बरेच कंट्रोलर डेटा एईएस पद्धतीने एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करूनच लिहितात, तुम्ही पासवर्ड लावलेला असो वा नसो, आणि चावी त्या कंट्रोलरशी बांधलेली. म्हणजे कंट्रोलर जळला की चिपांमधला डेटा हा नुसता कचरा. दुसरा तसलाच बोर्ड आणून चिपा बसवल्या तरी त्याला आधीची चावी माहीत नाही. २०१८ पासूनच्या टी२ चिपच्या मॅकबुकमध्ये आणि २०२० पासूनच्या एम१ वगैरे मॅकबुकमध्ये तर स्टोरेज बोर्डालाच सोल्डर केलेलं आणि चावी प्रोसेसरच्या आत, तिथे रिकव्हरी म्हणजे तोच मदरबोर्ड काहीतरी करून जिवंत करणं, दुसरा रस्ता नाही.

म्हणून आमचं निम्मं काम आता सोल्डरिंगचं झालंय. डिस्क अजिबात दिसत नसेल तर पहिल्यांदा थर्मल कॅमेऱ्याखाली बघायचं कुठला भाग तापतोय, एखादा कपॅसिटर शॉर्ट असतो, पॉवरची आयसी गेलेली असते, फ्यूज उडालेला असतो. ते बदलून मूळ कंट्रोलर उभा राहिला तर डेटा जसाच्या तसा. मला विचाराल तर अजिबात न दिसणारी डिस्क कधीकधी भलत्या नावाने दिसणाऱ्या डिस्कपेक्षा बरी.

आणि विंडोजवाल्यांनी आणखी एक तपासा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नवीन इन्स्टॉल करताना मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. डिस्क गेल्यावर आम्ही जिवापाड मेहनत करून इमेज काढतो आणि मग कळतं ती बिटलॉकरमध्ये (विंडोजचं एन्क्रिप्शन) आहे आणि गिऱ्हाइकाला चावी म्हणजे काय ते माहीत नाही. अकाउंटमध्ये जाऊन ती ४८ आकडी रिकव्हरी की आत्ताच कागदावर लिहून ठेवा.

रॅकवाली

वाचतेय मजेत. आमच्या सर्व्हरवाल्या जगातला किस्सा सांगते, महाग डिस्क म्हणजे निश्चिंत असं समजणाऱ्यांसाठी. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपी एंटरप्राइझने कळवलं की त्यांच्या काही एसएएस (सर्व्हरमध्ये वापरतात त्या जोडणीच्या) एसएसडी चालू होऊन ३२,७६८ तास पूर्ण झाले की बंद पडणार, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास. आकडा ओळखीचा वाटला असेल, १६ बिटांच्या चिन्हासकट आकड्यात ३२,७६७ च्या पुढे मोजता येत नाही. आणि त्यांनी स्पष्टच लिहिलं होतं की एकदा तसं झालं की ना डिस्क परत मिळणार ना डेटा. आता गंमत बघा, रेडमधल्या (अनेक डिस्क मिळून एकच साठा करायची पद्धत) सगळ्या डिस्क एकाच दिवशी बसवलेल्या असतात, म्हणजे तास सगळ्यांचे सारखे, म्हणजे एक गेली तर दुसरी सांभाळेल हा जो रेडचा सगळा भरवसा तोच फुस्स, सगळ्या जवळपास एकदमच मरणार. पुढच्या वर्षी, २०२० ला, दुसऱ्या काही मॉडेलसाठी ४०,००० तासांचं तसंच पत्र आलं. फर्मवेअर अपडेट वेळेत मारला की काही होत नव्हतं, पण ज्यांनी पत्र वाचलं नाही त्यांचं काय.

आमच्याकडे तेव्हापासून एका रेडमध्ये सगळ्या डिस्क एकाच लॉटच्या घालत नाही.

छापखाना_कोल्हापूर

सगळ्या तज्ज्ञांनी डिस्क उकलून झाली, आता धंद्याचं बोलतो. डीटीपीवाले भाऊ, तुम्ही प्रूफ कसं देता? पतसंस्थेचा अहवाल म्हणजे तीनचार वेळा तरी प्रूफ गेलं असणार, सचिव बघणार, ऑडिटर बघणार, संचालकांचे फोटो बदलणार. आजकाल ते सगळं पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर जातं. तुमचा पीसी गेला, तुमचा मोबाइल गेला नाही ना? सचिवांचा मोबाइल आहे ना? ऑडिटरच्या ऑफिसात मेल असणार, आणि ताळेबंद तर त्यांच्याच एक्सेलमधून आलेला असतो. मागच्या वर्षीच्या अहवालाची प्लेट ज्याने काढली त्या सीटीपीवाल्याला फोन लावा, आम्ही गिऱ्हाइकाच्या पीडीएफ वर्षदोनवर्षं ठेवतोच, कारण रिप्रिंट येतं.

पीडीएफ प्रेस क्वालिटीची असेल तर थेट छापायला चालते. दुरुस्ती करायची असेल तर मजकूर कॉपी करून पेजमेकरमध्ये टाका, सुरुवातीला अगम्य काहीतरी दिसेल, त्यावर तोच श्रीलिपीचा फॉन्ट लावा की मराठी उभं राहतं. एखाददुसरं जोडाक्षर गळतं, ते बघून घ्यायचं. तक्ते नीट येत नाहीत, ते एक्सेलमधूनच घ्या.

चिपखोदक

हे भारी. आमच्यातलं कोणी हे सांगत नाही कारण आमचा धंदा बुडेल 😄 पण खरंच, मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो की नेमकं काय हवंय आणि ते आणखी कुणाकुणाकडे गेलं होतं. अर्ध्या लोकांना अख्खी डिस्क नको असते, दोन फोल्डर हवे असतात.

कराडचा_डीटीपीवाला

मंडळी, मधले काही दिवस धावपळीत गेले म्हणून उत्तर दिलं नाही. छापखानावाले साहेब, तुमचे पाय धरायला हवेत. एका संस्थेचं तिसरं प्रूफ सचिवांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर होतं, त्यात फक्त एका संचालकाचा फोटो आणि दोन आकडे बदलायचे बाकी होते. दुसऱ्या संस्थेचं पहिलंच प्रूफ सापडलं, ते लो रिझोल्यूशन, पण ऑडिटरने ताळेबंद आणि नफातोटा एक्सेलमध्ये पाठवला आणि मागच्या वर्षीची पीडीएफ सांगलीच्या सीटीपीवाल्याकडे होती, त्यावरच आकडे बदलून लावले. श्रीलिपीची युक्ती चालली, फक्त 'र्‍य' आणि 'क्ष' ने छळलं. दोन्ही अहवाल छापायला गेलेत.

डिस्कचं म्हणाल तर फर्मवेअर मारला नाही. एका ठिकाणी दाखवली, आपल्याच भागातलं दुकान, बोर्डावर डेटा रिकव्हरी लॅब लिहिलेलं. त्यांनी तपासायचेच पैसे मागितले आणि मशीन कुठलं वापरता विचारलं तर उत्तर देईनात, शेवटी कळलं की ते कुरियरने मुंबईला पाठवतात. पुण्यातल्या एका लॅबने फोटोवरूनच सांगितलं की काम होण्यासारखं आहे, पण आकडा पाच आकडी सांगितला. आता अहवालांचं भागलंय म्हटल्यावर एवढे पैसे घालू का नको असं झालंय. आत पाडव्यानंतरच्या लग्नपत्रिका आणि एका शाळेच्या स्मरणिकेची अर्धी पानं आहेत. वॉरंटी अजून आहे डिस्कची, बदलून घेतली तर नवीन तरी मिळेल?

चिपखोदक

वॉरंटीत दिली की बदली डिस्क मिळेल पण जुनी परत मिळत नाही आणि डेटाशी कंपनीला घेणंदेणं नसतं. शिवाय गिऱ्हाइकांचे आधार, पॅन असलं काही त्यात असेल तर ती माहितीही बाहेर जाते, विचार करा. लॅबने उघडली तर वॉरंटी जाते. म्हणजे दोन्हीपैकी एकच, आणि घाई नाही.

दुकान कुरियरने पुढे पाठवतं यात तसं वाईट काही नाही, बरेचजण तसं करतात, पण ते सांगून करावं. कुठेही दिलीत तर विचारा की आधी इमेज काढणार का, काही लिहिण्याआधी मला विचारणार का, आणि निघालं नाही तर डिस्क आहे त्या अवस्थेत परत देणार का. आधी कोणी उघडलेली असेल तर तेही त्यांना खरं सांगा. मॉडेल नंबर एकच असला तरी वेगवेगळ्या लॉटमध्ये आतला कंट्रोलर आणि फ्लॅश बदललेली असते, त्यामुळे लेबल बघून रेट सांगणाऱ्यापेक्षा बोर्डाचा फोटो मागणारा बरा. तुमच्या पुण्याच्या लॅबने फोटो मागितला ही चांगली खूण.

कराडचा_डीटीपीवाला

मग असं करतो, दिवाळीच्या कामाचे पैसे हातात आले की स्मरणिकेचं बघू. तोवर डिस्क अशीच ठेवली तर आतला डेटा उडून जातो का? कुठेतरी वाचलं की एसएसडी वीज न देता वर्षभर ठेवली की कोरी होते.

चिपखोदक

ते अर्धवट वाचून पसरलेलं आहे. जेडेक या चिपांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक असं की साध्या एसएसडीने तिची लिहिण्याची सगळी क्षमता संपल्यानंतरसुद्धा ३० अंशाला वीज न देता निदान १ वर्ष डेटा धरायला हवा. सर्व्हरच्या डिस्कला ४० अंशाला ३ महिने. तुमची डिस्क एवढी झिजलेली नसणार, त्यामुळे दिवाळीपर्यंत काही होत नाही. पण गरम जागी चार्ज लवकर गळतो आणि तुमची फ्लॅश आधीच एकदा वाचायला अडखळलीय. घरात थंड कपाटात ठेवा, दुकानात पत्र्याखाली नको, आणि मध्ये मध्ये लावून बघू नका. सहा महिन्यांच्या आत काय ते ठरवा.

शटरवाली_नाशिक

माझं अपडेट, भरलेलं कार्ड पूर्ण मिळालं, वरातीपर्यंतचं सगळं. बारशाच्या कार्डातून मांडवातले थोडे निघाले, जेवणाच्या पंगती गेल्या. मुलीच्या मामाचा कॅमेरा होता त्यादिवशी, त्यांना फोन लावलाय.